बिछायत केंद्रात सगळं हिरवं

...आणि 'नाही' म्हणायचं नाही! झालं? समजलं तुम्हाला? मला तर अजून समजलेलं नाही. लहानपणापासून ऐकत आलेय, आपल्या दुकानाच्या पायरीवर आलेल्या माणसाला 'नाही' म्हणायचं नाही. बरं, का म्हणायचं नाही? तर तेही विचारायचं नाही! विचारलंच तर आमचे मोठे बाबा काय करतात, चष्मा काढतात, धोतराच्या सोग्यानं पुसतात, परत घालतात आणि माझ्याकडे असं बघतात की जसं मी त्यांना विचारलं, तुम्ही श्वास काऊन घेता म्हणून!

मोठे बाबा म्हणजे अण्णाजी. माझ्या बाबांचे थोरले भाऊ. सेलूत कोणालाही विचारा, 'अण्णाजींचं बिछायत केंद्र कुठं आहे?' शेंबडं पोरगंही बोट दाखवेल. मंडप, सतरंज्या, गाद्या, स्वयंपाकाचे मोठे गंज, पराती, खुर्च्या आणि कुलर... विदर्भातलं मे महिन्यातलं लग्न आहे बाबा, नवरदेव उशिरा आला तर चालतो, कुलर उशिरा आला तर वऱ्हाडी उठून घरी जातात!

तर असं हे चालतं दुकान, आणि गेल्या दिवाळीला घरात काय ठरत होतं? गोदाम सिमेंटवाल्याला भाड्यानं देऊन टाकू! का? तर 'आता होत नाई बाप्पा आमच्याच्यानं.' अहो, मग मी काय करतेय घरात? बीकॉम झाले, वर्ध्याला रोज बस धरून शिकले, ते काय गाद्यांवर बसून मोबाईल बघायला? मी उभी राहिले आणि म्हटलं, ही एक लग्नसराई माझ्या हातात द्या. चालवून दाखवली तर दुकान माझं, नाही जमलं तर आणा तुमचं सिमेंट.

मोठे बाबा काय म्हणाले असतील? "हाव. किल्ली घे." बस! एवढंच! माझ्या आयुष्यातली एवढी मोठी गोष्ट, आणि साधं 'बस, चहा घे' नाही. मला तर इतकं वाईट वाटलं ना तेव्हा... मी म्हटलं, जाऊ दे, ही म्हातारी माणसं, यांना कशाचं काही वाटत नाही. हे चहाचं तुम्ही लक्षात ठेवा बरं. मी नाही ठेवलं, त्याचंच हे सगळं.

आता आमच्याकडे काम कसं चालायचं ते ऐका. फोन वाजला की मोठे बाबा बोलणार, मग ओरडून बाबांना सांगणार, बाबा भिंतीवरच्या कॅलेंडरवर गोल करणार, गोल कशाचा ते विसरणार, मग मंडप बांधणाऱ्या पोरांना फोन करणार, 'रविवारी येजो रे', कोणत्या रविवारी ते सांगणार नाही... आणि गिऱ्हाईक परत विचारणार, 'मोठा मंडप केवढ्यापर्यंत जाते?' त्याच त्याच प्रश्नाला तेच तेच उत्तर, सकाळपासून संध्याकाळपर्यंत! मी म्हटलं, हे माणसानं करायचं काम आहे का? हे तर मोबाईलनं आपापसांत करून टाकावं!

आणि होतं हो तसं! कोडिंग नाही, इंजिनियर नाही, काही नाही. एक ॲप असतं, ते बाकीच्या ॲपांची एकमेकांशी ओळख करून देतं. स्क्रीनवर डबे असतात, डब्याला डबा जोडायचा, मध्ये बाण. गिऱ्हाईकानं फॉर्म भरला की पहिला डबा दुसऱ्याला सांगतो, दुसरा ते शीटमध्ये लिहितो, तिसरा कॅलेंडरमध्ये टाकतो, चौथा गिऱ्हाईकाला व्हॉट्सॲपवर मेसेज पाठवतो, पाचवा मंडपवाल्या पोरांना कळवतो. ज्यानं त्यानं आपलं काम केलं की त्याच्यावर हिरवी खूण. सगळं हिरवं म्हणजे सगळं बरोबर. किती सोपं आहे!

मी घरच्यांना ओट्यावर बसवून दाखवलं. मोठे बाबा वाकून म्हणतात, "म्हंजे हा याले सांगते, अन् हा त्याले सांगते?"

"हो."

"न विचारता?"

"हो, आपोआप."

"मंग चुगल्याच झाल्या ना ह्या."

आणि आमची मोठी आई, रुख्माबाई, ती स्वयंपाकघराच्या दारातून म्हणते, "अवं, मंग ह्याच्यासाठी मोबाईल कायले पाह्यजे? म्या काय मेली काय?"

घ्या!

बरं, पुढे त्या ॲपमध्ये एक डबा येतो. तो विचारतो, तारीख रिकामी असेल तर काय पाठवू? आणि त्याच्याच खाली लगेच विचारतो: नाहीतर? म्हणजे तारीख रिकामी नसेल तर? मी विचारलं, मोठे बाबा, तारीख गेलेली असली तर गिऱ्हाईकाला काय लिहू? 'क्षमस्व, उपलब्ध नाही' लिहू? बाबांच्या हातातली पेन्सिलच पडली. मोठे बाबा म्हणाले, "आपल्या दुकानात नाई म्हनत नाई." अहो पण त्या डब्याला काहीतरी सांगावं लागेल ना! तो बिचारा तोंड उघडून बसलाय, नाहीतर? नाहीतर? "त्याले म्हना, आमच्याकडे नाहीतर नसते."

आता सांगा! मी त्या मशीनला आमचे संस्कार कसे शिकवू?

मग मी माझं डोकं लावलं. मी काय पाहत आले होते? दुकानात माणूस आला की मोठे बाबा कोणाला नुसतं "गाडी घेऊन या" म्हणून वाटेला लावतात, पाणीसुद्धा विचारत नाहीत. आणि कोणाला मात्र गादीवर बसवतात, घरच्या सगळ्यांची विचारपूस करतात, केळझरच्या गणपतीला जाऊन आलात का विचारतात, आणि वरून आलं घातलेला चहा! मला तर हे आवडायचंच नाही. हा काय भेदभाव आहे? गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक! शिकलेली आहे ना मी... मी म्हटलं, माझ्या राज्यात हे बंद. सगळ्यांना चहा! आणि दोन्ही डब्यांत एकच मेसेज टाकला, रिकामी असेल तरी तोच, नसेल तरी तोच: 'नमस्कार. आपली चौकशी मिळाली. कधीही या, बसा, चहा घेऊ, निवांत बोलू.' खाली हात जोडलेलं चित्र.

काय वाईट आहे यात? सांगा ना, काय वाईट आहे?

मोठ्या बाबांना वाचून दाखवला. म्हटलं, ठीक आहे ना? पाठवू ना सगळ्यांना? त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला. जरा वेळानं म्हणाले, "बस, चहा घे." मी बसले, चहा घेतला, छान आलं होतं, आणि उठून बटण दाबलं. सुरू!

पहिल्या दिवशी बाबांनीच गोंधळ घातला. मी म्हटलं होतं, तुमच्या फोनवरून या नव्या नंबरवर एकदा मेसेज टाकून बघा. मी त्या डब्याला सांगून ठेवलं होतं ना, कोणाचाही मेसेज आला की उत्तर दे. यांनी टाकला. मशीननं उत्तर दिलं, 'कधीही या, चहा घेऊ.' बाबांनी लिहिलं, 'आपण कोण?' मशीन म्हणालं, 'कधीही या, चहा घेऊ.' बाबांनी लिहिलं, 'येतो, पण ओळख लागली नाही.' मशीन म्हणालं, 'कधीही या, चहा घेऊ.' दुपारभर चाललं हो हे! संध्याकाळी मला म्हणतात, "मानूस चांगला आहे गं, पन नाव सांगून नाई राह्यला." बाबा, ते आपलंच दुकान आहे! "आपलंच? तरीच म्हटलं, वळन ओळखीचं हाय."

आणि तिकडे सगळं हिरवं!

मग लागली खरी लग्नसराई. फॉर्म येताहेत, सेलूतून, केळझरातून, वर्ध्यातून, आणि मी मोबाईलवर बघतेय, हिरवं, हिरवं, हिरवं. एक डबा अडला नाही. एक मेसेज चुकला नाही. आणि दुकानात? दुकानात कुत्रं येईना! गाद्या तशाच रचलेल्या, गंज उपडे, कुलरवर मांजर व्यालं. मला काही समजेना. शीट उघडली, बरोबर. कॅलेंडर उघडलं, बरोबर. डबे सगळे सुटे करून परत जोडले, बरोबर. व्हिडिओ पाहिले, त्यातला तो माणूस म्हणतो, हिरवी खूण आली म्हणजे आपलं काम यशस्वी. अरे दादा, यशस्वी तर गिऱ्हाईक कुठंय?

एक जण चौकात भेटला, त्यानं फॉर्म भरला होता, मी म्हटलं काका, आला नाहीत चहाला? तर असा ओशाळून हसला, म्हणाला, "नाई नाई, समजलो आम्ही. दुसरीकडून घेतला मंडप. अण्णाजीले नमस्कार सांगजो." काय समजला? आणि नमस्कार कशाबद्दल? पाहुणचार झाल्यासारखा तृप्त चेहरा त्याचा!

घरी मोठी आई रोज विचारणार, "आलं काय कोनी?" नाही. "सिमेंटवाला येऊन गेला बाप्पा." बाबा गोदामाच्या दाराची मापं घेताना दिसले मला. मापं! आणि तिकडे सगळं हिरवं!

मग आला काजलचा फोन. काजल नालवाडीची, कॉलेजात माझ्या बाकावर बसायची, आता तहसीलला नोकरी लागली तिला. मे महिन्यात लग्न, विहारासमोरच्या मैदानात, आणि तिला आमचा मोठा मंडप हवा होता. तिनंही फॉर्म भरला होता. फोन उचलला तर नमस्कार नाही, काही नाही, एकदम सुरू, "काय गं हर्षे, सरळ सांगता येत नव्हतं का? एवढी ओळखीची असून नाही म्हणालीस?"

मी? नाही? कधी?

"चहाला बोलावलंस ना!"

"हो मग? चहाला बोलावलं म्हणजे ये ना!"

तर मागून तिची आई, सीताबाई, तिचा आवाज, "अवं बाई, अण्णाजीच्या घरचा चहा म्हंजे नाई! साऱ्या तालुक्याले ठाऊक हाय. मंडप असला त म्हनते, गाडी घेऊन या. नसला का मंग चहा पाजते. तुले घरात राहून ठाऊक नाई?"

तुम्हाला सांगते, माझ्या हातातला फोन गरम झाला की मी गरम झाले, काही कळेना. म्हणजे मी... म्हणजे मी अख्ख्या लग्नसराईला, आलेल्या एकेका माणसाला, हात जोडून, चोवीस तास, आपोआप, बिनचूक... नकार पाठवत होते! आणि तिकडे सगळं हिरवं!

मी तशीच ओट्यावर गेले. म्हटलं, मोठे बाबा, चहा म्हणजे नाही असतं?

"हाव."

"मग मला का नाही सांगितलं?"

"सांगतलं ना. तुले चहा पाजला ना."

मी गादीवर बसले. आणि मग एकेक आठवायला लागलं हो मला. दहावीनंतर मी विचारलं होतं, पुण्याला शिकायला जाऊ? काय झालं होतं? चहा. स्कूटी घ्या म्हटलं होतं... चहा. मैत्रिणींसोबत महाबळेश्वर... त्या दिवशी तर चहासोबत चिवडा होता! मला वाटायचं, विचार करताहेत, लाड करताहेत माझे. आणि मी पुढच्या वर्षी परत विचारायची, आणि परत चहा! कॉलेजात डिग्री दिली मला, कोणी सांगितलं नाही की घरात मला रोज कपबशीतून उत्तर मिळतंय.

"अहो पण सरळ 'नाही' म्हटलं तर काय होतं?"

बाबा म्हणाले, "मानूस तुटते."

"आणि चहानं?"

मोठी आई म्हणाली, "चहानं बसते."

काय बोलणार यावर? तुम्ही बोला, मी ऐकते.

मी मेसेज बदलला. तारीख रिकामी असेल तर: 'तारीख पक्की. गाडी घेऊन या.' आणि तो खालचा, 'नाहीतर?' वाला डबा, तो रिकामाच ठेवला. काय लिहू त्यात? पहिला नवा मेसेज गेला काजलला. मे महिन्यातला दुसरा रविवार, मोठा मंडप, पक्का. माझा पहिला खरा हिरवा! सीताबाई स्वतः येऊन पायरीवर नारळ ठेवून गेल्या. मग हळूहळू गाड्या यायला लागल्या, गंज हलले, मांजरीनं पिल्लं उचलून दुसरीकडे नेली. मापाची टेप कुठे ठेवली ते बाबा विसरले. मी म्हटलं, वाचले!

तर मागच्या आठवड्यात कोण आलं असेल? गोपालराव! आता गोपालराव म्हणजे मोठ्या बाबांचे बालपणीचे मित्र, यांच्याच ट्रॅक्टरवर आमचे बांबू जातात, दर वर्षी, भाड्याचं नाव नाही. गाडीतून उतरले, पान लावलं, म्हणाले, "अण्णा, पोराचं जमलं. मेचा दुसरा रईवार. मोठा मंडप आपलाच."

दुसरा रविवार. मोठा मंडप. एकच आहे आमच्याकडे.

मी तोंड उघडणार तेवढ्यात मोठ्या बाबांनी हात वर केला. अगदी शांत. चेहऱ्यावर असं हसू, की पोरी, आता बघ, मशीन काय करते, माणूस काय करते ते. म्हणाले, "बस गोपाल. रुख्मा, चहा टाक."

मला तर क्षणभर खरंच कौतुक वाटलं हो. काय शांत, काय सुंदर! आता चहा येणार, गोपालराव पिणार, समजणार, नमस्कार करून जाणार. ना वाद, ना तुटणं.

आणि गोपालराव म्हणतात, "चहा नको. सोडला म्या."

सोडला!

मोठ्या बाबांचं हसू तिथंच थांबलं. "काऊन?"

"डॉक्टरनं बंद केला. शुगर."

"मंग बिनसाखरेचा टाक वं, रुख्मा!"

"तो बी नाई. पित्त होते."

मोठी आई दारात आली, "कोरा देऊ?" नको. "कॉफी?" नको. "ताक?" "हाव, ताक चालते." आता ताक म्हणजे काय? हो की नाही? घरात कोणालाच माहीत नाही! या घराण्यात आजपर्यंत कोणी ताकावर निर्णय दिलेला नाही! मोठे बाबा बाबांकडे बघतात, बाबा पंख्याकडे बघतात, मोठी आई ताक द्यावं की देऊ नये म्हणून पेला हातात धरून उभी. आणि गोपालराव विचारताहेत, "त म्या पक्कं समजू ना?"

"बस ना बे, घाई काय हाय..." मोठे बाबा म्हणाले, पण घाम कपाळावर. कुलर समोर चालू!

मला बाबांनी हातानं आत बोलावलं. स्वयंपाकघरात तिघंही आले. मोठे बाबा हळू आवाजात म्हणतात, "हर्षा, तुह्या मशीनमधून त्या नालवाडीवाल्याहीले एक मेसेज पाठव."

"कसला?"

"चहाचा."

मला आधी समजलंच नाही. मग समजलं. काजलला! पक्की झालेली तारीख, विहारासमोरचं मैदान, सीताबाईंचा नारळ, आणि त्यांना मी पाठवायचं, कधीही या, चहा घेऊ, निवांत बोलू?

बाबा म्हणाले, "थे समजून घेतीन गं. शहाने लोक हायेत."

मोठी आई म्हणाली, "एक चहाचाच त प्रश्न हाय."

आणि मोठे बाबा म्हणाले, "तूच म्हनत होती, एका बटनाचं काम हाय."

हो, एका बटणाचंच काम होतं. बोट ठेवलं की सगळं हिरवं. सगळ्यांचं सगळं हिरवं... फक्त काजल तेवढी मैदानात उभी, डोक्यावर मंडप नाही. मला गोंधळल्यासारखं झालं. दुकान माझं होणार होतं ना? मग मी कोणाचं ऐकायचं होतं? इतक्या वर्षांत मला यांनी कधी 'नाही' म्हटलं नाही, आणि मी कधीच काही मिळवलं नाही. आणि जे मिळालं, ते बिनचहाचं मिळालं. "हाव. किल्ली घे." तेच तेवढं खरं होतं!

मी मोबाईल गव्हाच्या डब्यावर ठेवला. बाहेर गेले. गोपालरावांसमोर उभी राहिले आणि म्हटलं, "काका, तो रविवार काजलचा आहे. नालवाडीची काजल. मोठा मंडप तुम्हाला मिळणार नाही."

"अवं, थे लोक करतीन ना काहीतरी..."

"नाही."

म्हटलं. मोठ्यानं म्हटलं. दुकानात म्हटलं, गादीजवळ म्हटलं, पायरीवर आलेल्या माणसाच्या तोंडावर म्हटलं. "नाही, काका. नाही."

मागे तिघंही दारात आले होते. मोठ्या बाबांनी चष्मा काढला, पण पुसला नाही. नुसता हातात धरला. बाबा पंख्याकडे बघायचंही विसरले. मोठी आई पेला तसाच धरून उभी. आत गॅसवर ठेवलेला चहा उतू गेला, त्याचा फस्स आवाज आला, तरी कोणी हललं नाही.

गोपालराव माझ्याकडे बघत राहिले. मग मोठ्या बाबांकडे. मग गादीपुढच्या रिकाम्या टेबलाकडे. मग एक श्वास सोडला, टोपी नीट केली आणि म्हणाले,

"बरं. मंग अर्धा कप सांगा."

घरातलं एकही माणूस जागचं हललं नाही. एवढं सगळं केलं मी, डबे जोडले, बाण लावले, सारं आपोआप केलं... आणि तो चहा शेवटी मलाच ठेवावा लागला.